'पूर' शोधला, पंढरपूर सापडलं: एका कॉलेज ग्रंथालयाचं प्रकरण

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातल्या, कृष्णाकाठच्या एका कॉलेजचं आहे. मी तिथली ग्रंथपाल. कॉलेजचं आणि माणसांचं नाव देत नाही, ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. फसलेल्या गोष्टी मात्र फसल्या तशाच लिहिल्या आहेत. असल्या उपक्रमांचे जे अहवाल माझ्या टेबलावर येतात त्यांत सगळं यशस्वीच झालेलं असतं, आणि वाचणाऱ्या ग्रंथपालाच्या हाती काहीच लागत नाही.

पार्श्वभूमी

आमच्याकडे कला आणि वाणिज्य शाखा. मुलं पंधरा-वीस गावांतून एसटीनं येतात. साडेसातला पहिला तास, साडेबाराला शेवटचा सुटतो, आणि बारा-पन्नासच्या गाडीसाठी वर्ग रिकामा होतो. ती चुकली तर पुढची सव्वातीनला. ग्रंथालय साडेपाचपर्यंत उघडं असतं. कुणासाठी, हा प्रश्न मला बरीच वर्षं पडलाच नव्हता.

पुस्तकांची वाण नाही. मांडणी ड्यूई दशांश पद्धतीची, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरलेला आकडा, यादी संगणकावर चढवलेली. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या एन-लिस्ट योजनेची वर्गणी आम्ही दरवर्षी न चुकता भरतो. त्यातून ६,००० हून अधिक नियतकालिकं आणि दोन लाखांच्या घरात ई-पुस्तकं विद्यार्थ्याला फुकट वाचता येतात. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत हे सगळं देखणं दिसतं. फूटफॉलचं, म्हणजे ग्रंथालयात येणाऱ्यांच्या सह्यांचं, रजिस्टरही दिसतं. त्यातल्या निम्म्या सह्या पंख्याखाली बसून मोबाइल चार्ज करणाऱ्यांच्या असतात, हे फायलीत लिहायचा रकाना नाही.

बहुतेक विद्यार्थ्यांची आणि ग्रंथालयाची गाठ दोनदा पडते. प्रवेशानंतर पुस्तकं नेण्याचं बी. टी. कार्ड घ्यायला, आणि तीन वर्षांनी दाखला काढताना नो ड्यूजच्या सहीला. मधल्या काळात क्रमिक पुस्तकं आणि परीक्षेआधीच्या जुन्या प्रश्नपत्रिका. कपाटं बंद, विद्यार्थ्यानं काउंटरवर चिठ्ठी द्यायची, परिचर मामा आतून पुस्तक आणून देणार. दर १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, आम्ही भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या फोटोला हार घालतो. त्यांच्या १९३१ सालच्या पाच सूत्रांतलं पहिलंच आहे की पुस्तकं वापरासाठी असतात. हार घालून झाला की मामा किल्ल्यांचा जुडगा पुन्हा कमरेला लावतात.

जुलैमध्ये नवीन मुलांसाठी एक तासाचं ग्रंथालय उद्बोधन असतं. सभागृहात दीडशे मुलं, पडद्यावर माझ्या स्लाइड. नियम, वेळा, ओपॅक म्हणजे संगणकावरची आमची पुस्तकांची यादी, एन-लिस्ट, पीएच.डी.चे प्रबंध ठेवणारी शोधगंगा, खरगपूरच्या आयआयटीनं उभारलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय, सगळं पंचावन्न मिनिटांत. सप्टेंबरमध्ये काउंटरवर आलेल्या एका मुलीला मी सहज विचारलं, त्या तासातलं काय लक्षात राहिलं? तिनं प्रामाणिकपणे सांगितलं, "उशीर झाला की रोज एक रुपया."

अडचण

भूगोलाच्या दुसऱ्या वर्षाला प्रकल्प होता, 'कृष्णेचा पूर आणि माझे गाव'. विषय उत्तम. या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरात २०१९ ला पाणी शिरलेलं, २००५ चा पूर आईवडिलांच्या तोंडून ऐकलेला, २०२१ चा आठवणीत ताजा. लिहायला यांच्याइतकं कुणाकडे असणार?

एके दिवशी भूगोलाच्या सरांनी प्रकल्पांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. "मॅडम, हे जरा बघा." सात प्रकल्पांचा पहिला परिच्छेद अक्षरशः एकच होता. 'पुरग्रस्थ' हा शब्द सातही ठिकाणी तसाच चुकलेला. शेवटच्या पानावर संदर्भ: १) गुगल २) विकिपीडिया ३) इंटरनेट. एकानं चौथा संदर्भ दिला होता, 'ग्रंथालय'. सरांनी त्याला विचारलं होतं, कुठलं पुस्तक रे? तो म्हणाला, "पुस्तक नाही सर, तिथं बसून लिहिलं."

दोन गटांनी चॅटजीपीटीकडून पुस्तकांची यादी आणली होती. नावं भारदस्त, लेखक खरे वाटावेत असे. त्यातली तीन पुस्तकं मी शोधली. आमच्याकडे नव्हती म्हणून बाहेरच्या याद्या बघितल्या. अशी पुस्तकं कुठेही नव्हती.

सरांचं निदान सरळ होतं, पोरं आळशी झालीत. खरं सांगायचं तर माझंही तेच होतं. ते बदललं एका मुलीमुळे. पुढच्याच आठवड्यात, गाडीला वीस मिनिटं असताना, ती काउंटरवर आली. "मॅडम, पुरावर पुस्तक आहे का?" मी नेहमीप्रमाणे ओपॅकच्या संगणकाकडे बोट दाखवलं. त्या दिवशी काउंटरवर गर्दी नव्हती म्हणून मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. तिनं शोधपट्टीत 'पूर' टाइप केलं. पडद्यावर आलं: कोल्हापूर. सोलापूर. पंढरपूर. नागपूर. चंद्रपूर. तिनं दोन पानं शांतपणे खाली ओढली, खिडकी बंद केली आणि वळून म्हणाली, "नाहीये मॅडम. थँक यू."

पुस्तकं होती. आपत्ती व्यवस्थापनाखाली ३६३ मध्ये काही, भूविज्ञानाच्या ५५१ मध्ये काही, धरणं-बंधाऱ्यांच्या ६२७ मध्ये काही, आणि जिल्ह्याच्या इतिहासाची ९५४ मध्ये. चार वेगळ्या कपाटांत. पुष्कळांच्या नावात 'पूर' हा शब्दच नव्हता. ज्यांच्या नावात होता त्यांतली निम्मी मराठी पुस्तकं संगणकीकरणाच्या वेळी कंत्राटी ऑपरेटरनं रोमन लिपीत चढवलेली, आणि एकाच शब्दाची स्पेलिंगं तीन प्रकारची. देवनागरीत शोधणाऱ्याला ती दिसणंच शक्य नव्हतं. ती मुलगी आळशी नव्हती. तिनं शोधलं होतं, आणि आमच्या यंत्रानं तिला नाही म्हणून सांगितलं होतं. ती यादी माझ्या सहीनं बरोबर म्हणून स्वीकारलेली आहे.

कपाटं उघडी असती तर एका पुस्तकाशेजारचं दुसरं तरी तिच्या नजरेस पडलं असतं. आमच्याकडे तीही सोय नाही.

पर्याय

सर, मी आणि अंतर्गत गुणवत्ता कक्षाचे समन्वयक असे तिघं बसलो. समन्वयकांनी लगेच सुचवलं, तीस तासांचा प्रमाणपत्र कोर्स घ्या, 'माहिती साक्षरता' नाव द्या. प्राचार्यांनाही ते आवडलं. फायलीला वजन येतं, फोटो निघतात. माझी हरकत एवढीच की तीस तास आणायचे कुठून? बारा-पन्नासनंतर थांबणारी मुलं म्हणजे कॉलेजच्या गावातलीच, आणि त्यातली जी नाव नोंदवतील ती एरवीही ग्रंथालयात येणारीच. ज्या सात जणांचा परिच्छेद एक होता त्यांतला एकही या कोर्सला आला नसता.

जुलैचं उद्बोधन सुधारून घ्यावं हा दुसरा विचार. तो मीच मांडला आणि मीच सोडला. जुलैमध्ये मुलाकडे प्रश्नच नसतो. ज्याला अजून काही शोधायचं नाही त्याला शोधायचं कसं ते सांगितलं की दंडाचा दर तेवढा लक्षात राहतो.

तिसरा पर्याय, भूगोलाच्याच तासांतले तीन तास घ्यायचे, प्रकल्प चालू असताना. सर तयार नव्हते. "माझे तीन तास गेले तर नकाशावाचन कोण घेणार?" त्यांचं चूक नव्हतं. शेवटी घासाघीस गुणांवर आली. मी म्हणाले, अंतर्गत गुणांतले दहा गुण शोध कसा घेतला त्याला द्या, मग तास वाया जाणार नाहीत. सर म्हणाले, गुण प्रकल्पाला असतात, शोधण्याला कसले गुण? पाचवर मिटलं. प्रत्येक गटानं एक पानाची 'शोधनोंद' द्यायची: प्रश्न काय होता, कोणते शब्द वापरून बघितले, कुठे बघितलं, काय मिळालं, काय मिळालं नाही, आणि मिळालेलं काय टाकून दिलं नि का.

सरांनी एक अट घातली, आणि आता मागे वळून बघताना वाटतं की सगळ्या प्रकरणात सर्वात कामाची गोष्ट तीच होती, ती माझी नव्हती. ते म्हणाले, मग विषयही बदलू. 'कृष्णेचा पूर' असा विषय दिला की नेटवर तयारच मिळतो. प्रत्येक गटानं प्रश्न आणायचा, शेवटी प्रश्नचिन्ह असलेला, आणि त्यात स्वतःच्या गावाचं नाव पाहिजे.

आठवड्याभरात चौदा गटांचे चौदा प्रश्न आले. 'आमच्या गावात पाणी आधी ओढ्यानं आलं की नदीनं?' हा त्यांतला एक. याचं उत्तर गुगल कुठून देणार?

केलेली कृती

पहिला तास साफ फसला. मी संगणक कक्षात घेतला, एन-लिस्टपासून सुरुवात केली. वर्षाला पैसे भरतो ते वापरलं जावं, हे माझ्या डोक्यात होतं. लॉगिनचा निरोप विद्यार्थ्यांच्या ईमेलवर गेलेला असतो. पण प्रवेशाचा फॉर्म बऱ्याच जणांनी नेट कॅफेत भरलेला, आणि त्यावरचा ईमेल निघाला कॅफेवाल्याचा. एकाचा थोरल्या भावाचा, तो पुण्याला कंपनीत, फोन उचलेना. पस्तीस मिनिटं पासवर्डमध्ये गेली. शेवटी एक मुलगा आत पोचला. त्यानं कृष्णेच्या पुरावरचा एक लेख उघडला, अठरा पानं, इंग्रजी, पहिल्या पानावर समीकरणं. त्यानं माझ्याकडे बघितलं. "मॅडम, हे मराठीत मिळंल का?" तेवढ्यात घंटा झाली.

दोन दिवस मी मुलांवर चिडले होते. तिसऱ्या दिवशी सरांनी हळूच विचारलं की तो लेख मी स्वतः वाचला होता का. नव्हता.

दुसरा तास मग संगणकाशिवाय घेतला, वाचनकक्षात, कोऱ्या कागदावर. प्रत्येक गटानं आपला प्रश्न मधे लिहायचा आणि भोवती शब्द: पुस्तक लिहिणाऱ्यानं याला आणखी काय म्हटलं असेल? आधी 'पूर' आणि 'महापूर' यापुढे गाडी जाईना. मग सुटली. अतिवृष्टी, पूररेषा, विसर्ग, फुगवटा, आपत्ती, पुनर्वसन, स्थलांतर. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आमच्यात मळीत पाणी आलं म्हणतात." नदीकाठच्या गाळाच्या रानाला आपल्याकडे मळी म्हणतात, हे मला माहीत होतं. तरी माझ्या यादीत तो शब्द नव्हता.

शब्द मिळाल्यावर विश्वकोश. मराठी विश्वकोशाचे खंड आमच्या संदर्भ विभागात वरच्या फळीवर उभे आहेत. शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या वाईत हे काम झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाताखाली, आणि आता तो मोबाइलवरही फुकट वाचता येतो. मुलांना यातलं काही ठाऊक नव्हतं. विश्वकोशाचा एक फायदा मी एरवी कधी सांगत नसे: नोंदीत मराठी संज्ञेसोबत बऱ्याचदा इंग्रजी संज्ञाही दिलेली असते. मुलांनी आधी मराठीत नोंद वाचायची, विषय समजून घ्यायचा, आणि तिथला इंग्रजी शब्द वहीत उतरवून घ्यायचा. तो शब्द घेऊन मग शोधगंगेवर किंवा एन-लिस्टवर जायचं. अठरा पानांचा लेख अंगावर यायचं कारण इंग्रजी होतंच, पण त्याहून मोठं हे होतं की आत काय असेल याची काहीच कल्पना नव्हती. विषय मराठीतून माहीत झाल्यावर दोन-तीन गटांनी लेखाचा सारांश आणि नकाशे तरी बघितले. सगळ्यांनी नाही.

शोधगंगेवर एक युक्ती सांगितली, ती चांगली लागू पडली. प्रबंध पूर्ण वाचायला जाऊ नका. शेवटची संदर्भसूची उघडा, त्यातली मराठी पुस्तकं टिपा, आणि ती आपल्याकडे आहेत का बघा. कुणीतरी चार-पाच वर्षं खपून केलेली यादी तयार मिळते.

सांगलीचा घोळ याच तासाला निघाला. वाळवा तालुक्यातल्या एका गटानं लिहून आणलं होतं, 'जुन्या काळातील माहिती उपलब्ध नाही.' कुठे शोधलं? ब्रिटिशांच्या काळातलं गॅझेटिअर, शब्द 'सांगली जिल्हा'. आता सांगली जिल्हाच मुळी १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' या नावानं झाला, सांगली हे नाव त्याला १९६० मध्ये मिळालं. १८८५ च्या गॅझेटिअरात वाळवा सापडणार तो सातारा खंडात. मी फक्त एवढंच विचारलं की तुझ्या पणजोबांच्या सातबाऱ्यावर जिल्हा कुठला असेल? एकानं घरी फोन लावला. आजोबांनी क्षणात सांगितलं, "सातारा की." त्या गटाला सातारा खंडात आपल्या तालुक्याचं वर्णन मिळालं, नदीसकट. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून बाकीचे गट त्या टेबलाभोवती गोळा झाले, आणि उरलेली दहा मिनिटं मी बोललेच नाही.

कपाटांचा प्रश्न राहिला होता. चार कपाटांतली साठेक पुस्तकं काढून महिनाभर वाचनकक्षात एका लांब टेबलावर उघडी ठेवायची, असं मी ठरवलं. मामांनी हरकत घेतली. "मॅडम, एक जरी गेलं तरी हिशोब मला द्यावा लागतोय." ही भीती खोटी नव्हती. वार्षिक पडताळणीत पुस्तक कमी भरलं की पहिला प्रश्न त्यांनाच विचारला जातो. किल्ल्या कमरेला असण्याचं कारण स्वभाव नाही, नियम आहे. मी कागदावर लिहून सही करून दिलं की या टेबलावरच्या पुस्तकांची जबाबदारी माझी. तो कागद त्यांनी घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. महिनाअखेर एक पुस्तक कमी भरलं. त्याची किंमत मी भरली.

आणखी एक नुकसान होतं, ते भरून येणार नव्हतं. 'आमच्या गावात पाणी कधी चढलं, कधी उतरलं' असा प्रश्न असलेल्या गटाला मी म्हणाले, २०१९ च्या ऑगस्टचे पेपर बघा. मामांनी माझ्याकडे बघितलं. दर मार्चला आम्ही जुने पेपर रद्दीत घालतो, किलोवर, पावती घेऊन, रीतसर. तो ऑगस्टही त्यातच गेला होता. आमच्या भागातल्या एवढ्या मोठ्या घटनेचा सर्वांत जवळचा लेखी पुरावा ग्रंथालयानं स्वतः वजन करून विकला होता, आणि त्या विक्रीच्या कागदावरही सही माझीच. शेजारच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयानं मात्र फाइल ठेवली होती, नशीब. मुलं तिथे गेली. त्या फाइलमध्ये पुराच्या ऐन दिवसांचे अंकच नव्हते. रस्ते बंद होते, गावात पेपर पोचलाच नव्हता. मुलांनी त्या न आलेल्या अंकांच्या तारखा प्रकल्पात लिहिल्या, आणि त्यावरून रस्ता किती दिवस बंद असावा याचा अंदाज बांधला. हे त्यांना कुणी सुचवलं नव्हतं.

तिसरा तास कर्नाटकातल्या आलमट्टी धरणावर गेला. तसं ठरलेलं नव्हतं. 'आलमट्टीमुळेच सांगली बुडाली' असा व्हॉट्सअॅपवरचा मजकूर पाच गटांच्या वहीत होता, शब्दशः. सरांनी फळ्यावर चार प्रश्न लिहिले: कोण म्हणतं, कधी म्हटलं, कशाच्या आधारावर, आणि तो आधार आपल्याला बघता येतो का? मग शोध. २०१९ च्या पुरानंतर राज्य सरकारनं वडनेरे समिती नेमली होती. तिनं २०२० मध्ये अहवाल दिला आणि आलमट्टीच्या फुगवट्याला, म्हणजे धरणामागे तुंबून वर चढणाऱ्या पाण्याला, त्या पुराचं कारण मानलं नाही. दुसऱ्या बाजूला, धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याची मुभा कृष्णा पाणीतंटा लवादानं २०१० मध्ये दिली, त्याला आपल्या भागात कडवा विरोध आहे, आणि अहवाल न पटणारे लोकही पुष्कळ आहेत. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका पातळी, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं, एवढ्यावर मात्र सगळ्यांचं एकमत.

तास संपल्यावर एक मुलगा थांबला. गाडी चुकवून. "मॅडम, आमचे वडील म्हणतात धरणाचंच पाणी हाय ते. त्यांनी बघितलंय. मी अहवालातलं लिहिलं तर वडलांना काय सांगू?" माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. मी म्हणाले, वडिलांनी नेमकं काय बघितलं ते विचार. पाणी कुठल्या बाजूनं, किती वाजता, कितीपर्यंत. ते त्यांच्या नावानं लिही. पाणी कुठून आलं हे त्यांनी बघितलंय की ऐकलंय, तेही विचार, आणि ते वेगळं लिही. त्यानं घराच्या भिंतीवरच्या तीन पुरांच्या खुणा टेपनं मोजून आणल्या. वडिलांचं म्हणणं एका पानावर, समितीचं दुसऱ्यावर. निष्कर्षाच्या जागी त्यानं लिहिलं होतं की आपल्याला अजून ठरवता येत नाही. सरांनी त्याला पैकीच्या पैकी दिले. माझ्या मते त्यांनी बरोबर केलं. कॉलेजात यावर थोडी कुजबुज झाली, निष्कर्ष नसलेल्या प्रकल्पाला पूर्ण गुण कसे म्हणून.

परिणाम

चौदांपैकी नऊ गटांच्या शोधनोंदी खऱ्या होत्या. वाचताना कळतं. 'हा शब्द टाकला, काही आलं नाही, मग तो टाकला', अशा अडखळत गेलेल्या. दोन गटांनी काहीच दिलं नाही. उरलेल्या तीन गटांनी शोधनोंदच कॉपी केली, अडचणींसकट. तिघांनाही एकाच दिवशी एकाच पुस्तकाचं एकच पान फाटलेलं मिळालं होतं. मी ते पुस्तक काढून बघितलं, पान शाबूत होतं. सर आणि मी बराच वेळ हसलो, पण गुण कापले.

'इंटरनेट' असा संदर्भ कुणीच दिला नाही. 'वडील, वय, गाव' असा संदर्भ सहा गटांनी दिला.

देवघेवीचे आकडे मात्र वाढले नाहीत. पुस्तकं टेबलावर बसूनच वाचली गेली, घरी फारशी गेली नाहीत, आणि टेबलावर वाचलेलं आमच्या नोंदवहीत दिसत नाही. प्राचार्यांनी विचारलं, फरक काय पडला, आकडे द्या. मी शोधनोंदी दिल्या. त्यांनी दोन वाचल्या, मळीची वाचून थोडं थांबले. त्यांचंही गाव नदीकाठचंच. मग म्हणाले, हे सगळं ठीक, पण तक्ता करून द्या. तक्ता दिला.

पुढच्या वर्षी सर अभ्यासरजेवर गेले. त्यांच्या जागी आलेल्या तासिका तत्त्वावरच्या मॅडमना चार कॉलेजं सांभाळायची होती, त्यांच्याकडे तीन तास मागायची मला हिंमत झाली नाही. उपक्रम भूगोलात तिथेच थांबला. मराठीच्या एका प्राध्यापकांनी स्वतःहून विचारलं, आमच्या बोलीच्या प्रकल्पाला असं करता येईल का. त्यांच्याबरोबर एक तास झाला आहे.

पुन्हा करायचं तर

एन-लिस्टनं सुरुवात करणार नाही, हे तर झालंच. पण त्यामागची माझी चूक ईमेलची नव्हती. मला वर्गणीचा वापर दाखवायचा होता आणि मुलांना गावाचा प्रश्न सोडवायचा होता. मी माझं काम त्यांच्या तासात करत होते. आता लॉगिनचं काम प्रवेशाच्या वेळीच करून घेते, काउंटरवर, मुलाच्या स्वतःच्या फोनवर, एकेकाचं. तासात त्याचं नाव काढत नाही.

पाच गुणांबद्दल माझं मन अजून ठरत नाही. गुण नसते तर तीन गटांनी शोधनोंद कॉपी केली नसती, कारण त्यांनी ती दिलीच नसती. दहा असते तर कॉपी करणारे वाढले असते की मनापासून करणारे? सर म्हणतात, गुणांपेक्षा प्रश्नात गावाचं नाव घालायची अट महत्त्वाची होती. मला वाटतं त्यांचं बरोबर आहे. पण एकाच वर्गावर केलेल्या प्रयोगातून हे ठामपणे सांगता येणार नाही.

उघड्या टेबलाबद्दल मी मामांना उशिरा विश्वासात घेतलं. आधी निर्णय, मग त्यांना निरोप, असा माझा क्रम झाला. पुस्तकं कुठल्या कपाटात आहेत हे संगणकापेक्षा त्यांना जास्त माहीत होतं. टेबल लावताना त्यांनी माझ्या यादीत नसलेली अकरा पुस्तकं न विचारता आणून ठेवली. ती त्यांना पहिल्याच दिवशी विचारली असती तर आणखी निघाली असती. पडताळणीचा नियम बदलायला हवा, ते माझ्या हातात नाही. ठरावीक टक्के पुस्तकं गहाळ धरायची मुभा मिळावी म्हणून ग्रंथालय समितीपुढे अर्ज ठेवला आहे.

वेळेचंही चुकलं. तीनही तास मी शेवटचे घेतले, म्हणजे सगळ्यांची एक नजर घड्याळावर. आता मराठीच्या सरांबरोबर पहिला तास मागून घेतला, साडेसातचा. पोरं झोपेत असतात, पण स्टँडकडे पळत नाहीत.

रद्दीचं सोपं होतं, ते लगेच झालं. मार्चमध्ये रद्दीवाला आला तेव्हा मामांनी जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरचे गठ्ठे आधीच बाजूला काढून जिन्याखाली रचले होते.

यादीचं काम मोठं आहे. कमवा व शिका योजनेतल्या दोन मुली रोज दीड तास बसून रोमन लिपीतल्या मराठी नोंदी देवनागरीत करतायत आणि प्रत्येक नोंदीला विषयाचे दोन-तीन शब्द जोडतायत. त्यांतली एक तीच, 'नाहीये मॅडम' म्हणणारी. कोणते शब्द जोडायचे हे तीच ठरवते, मी फक्त तपासते. परवापर्यंत दाखल क्रमांक ४,२०० पर्यंत आल्या होत्या. 'पूर' टाकलं की अजून पंढरपूर येतं, पण आता चौथ्या ओळीला.